चार फाउल

आकडे मोजून लॉरेन स्टकी पोटापाण्याला लागला, याचं इंडियानातल्या आमच्या गावाला बरेच दिवस हसू येत होतं. त्याचे वडील व्हर्लिन शाळेच्या बास्केटबॉल संघाचे कोच. घरातसुद्धा तो त्यांना 'कोच'च म्हणायचा. मी बाकावर त्यांच्या शेजारी बसून गुण लिहायचो.

शाळेतल्या शेवटच्या सामन्यात लॉरेनचे चार फाउल झाले. पाचव्याला खेळाडू बादच. शेवटच्या मिनिटांसाठी राखून ठेवावा म्हणून कोचनी त्याला बसवलं. दुसऱ्या कुठल्याही कोचनं तेच केलं असतं. त्याला परत उतरवलं तेव्हा उशीर झाला होता. एका गुणानं हरलो.

पुढची अकरा वर्षं पोरगा झपाटल्यासारखा वागला. दिवसा विम्याच्या कचेरीत नोकरी, संध्याकाळी जुन्या सामन्यांच्या नोंदी. लग्न ठरता ठरता मोडलं, त्याचंही त्याला काही वाटलं नसावं. शेवटी हजारो सामने तपासून त्यानं लेख लिहून दाखवून दिलं, की चार फाउलवाल्याला बसवण्यात तोटाच जास्त. ते वाचून एका व्यावसायिक क्लबानं त्याला नोकरीवर बोलावलं.

तिकडे रुजू होण्याआधी तो लेखाचे कागद घेऊन घरी आला. मी तिथेच होतो. कोचनी ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं. कॉफी गार झाली.

"म्हणजे तुला बसवायला नको होतं?"

"आकडे तेच सांगतात, कोच."

"आकडे राहू देत. त्या दिवशीचं सांग. जिंकलो असतो?"

लॉरेन त्यांच्याकडे सरळ बघत म्हणाला, "हो."

"छान लिहिलंयस," कोच म्हणाले आणि उठून कप विसळायला लागले.

मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. त्यानंतर कोच शुक्रवारच्या सामन्यांना यायचे बंद झाले. न्यायला गेलो की म्हणायचे, "तू जा, मर्ल. माझे पाय दुखतात." फेब्रुवारीत हृदय बंद पडून गेले.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. लॉरेन माझ्याजवळ येऊन बसला.

"मर्ल काका, क्लबात नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी मी त्यांना एकच गोष्ट शिकवतो. एका सामन्यावरून काही म्हणजे काही सिद्ध होत नाही."

"मग कोचना हो कशाला म्हणालास, गाढवा?"

त्यानं प्लेट बाजूला सारली.

"'चुकलो' एवढंच त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. अकरा वर्षं मी तेवढ्यासाठीच मोजत होतो."