शेंदराखालचा पाथरवट

"पहार खाली टाक! टाक म्हणतो ना! आमचा मूळपुरुष आहे तो!"

काका असे ओरडले की कल्याणच्या खाडीला लागलेली भरती, शपथेवर सांगतो, हातभर मागे सरली. रेल्वेच्या मोरीला दगड हवे होते, म्हणून ठेकेदाराचा मुकादम माणसे घेऊन पडक्या देवळाचे चिरे उपटायला आला होता. पहार टेकली ती नेमकी पायरीच्या दगडाला. त्यावर आमच्या पाथरवट मूळपुरुषाने दोनशे वर्षांमागे स्वतःलाच कोरून ठेवले होते: हात जोडलेले, कमरेला छिन्नी आणि आमच्या घराण्याचे वाकडे नाक.

"मूळपुरुष असा कोण लागून गेला?" मुकादम म्हणाला.

झाले! काकांनी त्याची अख्खी हयात तिथल्या तिथे मांडली. आधी गावोगाव जात्यांना टाकी लावीत हिंडला. मग कल्याणच्या तटाचे चिरे घडवले. ठाण्याच्या फिरंग्यांनी बोलावले, तर त्यांच्या देवळात, इगर्जीत, पंखवाली पोरे कोरून दिली. त्यातल्या एकाचे पोट हुबेहूब काकांचे. शेवटी या देवळाचे हत्ती. ते पाहून एक माहूत ऊस घेऊन आला आणि हत्ती खाईनात म्हणून रडत बसला. काका सांगत तेव्हा ऊस एकच असे. मी सांगतो तेव्हा गाडीभर असतो.

मुकादमाने जांभई दिली. "ते असू द्या, बाबा. हा देव आहे का? देव असला तर माझी माणसं हात लावायची नाहीत. नसला तर दगड."

काकांनी मला वाण्याकडे पिटाळले. मी ठाण्याच्या कचेरीतला कारकून, धोतर सावरीत धावलो, तेल-शेंदूर घेऊन आलो. काकांनी जोडल्या हातांवर, छिन्नीवर, नाकावर तो फासला. मुकादमाने पागोटे टेकवले, नारळ फोडला आणि शेजारचे हत्ती उचलून मोरीत घातले.

पण देव झाला म्हणजे सुटला थोडाच! नवस आले, नवसामागून कुठूनसा एक गुरव आला. खवट तेल, नासके खोबरे, कोंबड्यांची पिसे. माशा एवढ्या की देवापेक्षा त्यांचेच दर्शन आधी. दिवा गावच्या मिठागरातले मीठसुद्धा नासावे असा वास. थरावर थर चढले. छिन्नी बुडाली, हात बुडाले, शेवटी नाकही गेले. दोनशे पावसाळ्यांना जे जमले नाही, ते भक्तांनी करून दाखवले. उरला एक लिबलिबीत नारिंगी गोळा. मला तर पाहून ओकारी येई.

शेंदराचे कवच कधीतरी आपोआप गळून पडते, म्हणून काका रोज जाऊन वाट पाहत. कवच पडेना, काकांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. "दिसतंय तोवर एकदा ते नाक बघू दे रे," म्हणाले आणि एका दुपारी छिन्नी घेऊन निघाले. मी नाकाला उपरणे लावून मागे.

जेमतेम एक खपली निघाली, तोच गुरवाने मनगट धरले. "देवाला छिन्नी लावता?"

"अरे, कसला देव! आमच्या वाडवडिलांचा बाप आहे तो! आणि शेंदूर फासला तो याच हाताने!"

गुरवाने खपली उचलली, अंगठ्याने दाबून जागच्या जागी बसवली.

"तेल आणलंय का?" तो म्हणाला.