कुंकू लावलेलं कार्ड

सिंगापूरच्या एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, फाटकापुढे आल्या की वहिनी कार्ड आधी कपाळाला टेकवत, मग फटीत सारत आणि पुटपुटत, “सोड गं बाई आत.” पलीकडे गेल्यावर मागे वळून फाटकाकडे असं काही पाहत, की जणू देवीनेच वाट दिली.

पासिर रिसला त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. यजमान जहाजावर इंजिनिअर, त्यामुळे वर्षातले बरेच महिने समुद्रात. मी तालुक्याच्या गावात शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. नव्वदच्या दशकात नोकरीसाठी सिंगापुरात उतरलो, तेव्हा पहिल्याच रविवारी त्यांनी दार वाजवलं. “भाऊजी, जेवलात, की नुसत्या पावावर आहात?” ते ताट मी अजून विसरलेलो नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वयंपाकघरात सेनापती आणि रस्त्यावर पाहुणी. वहिनी एकट्या कुठेही जात नसत. म्हणायच्या, “गाडी चुकली तर दुसरी येते. स्टेशन चुकलं तर मी कुठली येते?”

एका शनिवारी सकाळी त्या धापा टाकत खाली आल्या. जहाज कंपनीच्या एजंटचा फोन आला होता. यजमानांचं जहाज सामान भरायला बंदरात थांबणार होतं, आणि त्यांना दुपारी तासाभरासाठी क्लिफर्ड पिअरच्या धक्क्यावर उतरायची परवानगी मिळाली होती. सात महिन्यांनी भेट.

“भाऊजी, चला. घावणे घातलेत. काळ्या वाटाण्याचं सांबारं उकळतंय.”

जुनं कार्ड संपलं होतं म्हणून आदल्या दिवशीच त्यांनी नवं घेतलं होतं. स्टेशनवर डबा माझ्या हातात होता. मी आधी आत गेलो. वहिनींनी कार्ड कपाळाला टेकवलं, फटीत सारलं. फाटकाने ते परत बाहेर ढकललं. पुन्हा सारलं, पुन्हा परत.

“वहिनी, मागची बाजू दाखवा बघू.”

त्यांनी कार्ड उलटं केलं. काळ्या चुंबकीय पट्टीवर ओल्या कुंकवाचं सुरेख स्वस्तिक, शेजारी हळदीचं बोट.

“नवी वस्तू,” त्या म्हणाल्या. “कुकरला लावलं, रेडिओला लावलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही.”

तिकीट खिडकीच्या काचेमागची चिनी मुलगी कार्ड हातात घेऊन बघतच राहिली. “आँटी, कार्डला पण मेकअप, लाह?” तिथल्या लकबीत तिने शेवटी ‘लाह’ जोडलं.

तेवढ्यात वर गाडी आल्याचा आवाज झाला. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा डब्याकडे.

“भाऊजी, तुम्ही निघा. त्यांना धरून ठेवा. मी येते.”

“एकट्या?”

“जा म्हणते ना.”

मी जिने चढत धावलो. पिअरवर यजमान भेटले. रापलेले, दाढी वाढलेली. माझ्या मागे कुणी नाही हे पाहून त्यांचा चेहराच उतरला. मी डबा पुढे केला. त्यांनी तो उघडला नाही. “ती येऊ दे,” एवढंच म्हणाले. मग जहाजावर परत नेणाऱ्या लाँचकडे पाहत, “येईल का पण?” मी हो म्हणालो, पण पाहत होतो रस्त्याकडेच. लाँचवाला परत जाणाऱ्यांना हाका मारू लागला.

आणि रस्त्याच्या बाजूने वहिनी आल्या. पदर खोचलेला, हातात पुन्हा विकत घेतलेलं नवं कोरं कार्ड झेंड्यासारखं उंच धरलेलं. सात महिन्यांनी भेटलेल्या नवऱ्याला त्यांनी पहिलं वाक्य ऐकवलं ते असं, “मी एकटी आले. रॅफल्स प्लेसला बरोब्बर उतरले.”

यजमान हसले ते डोळे पुसतच. मग बाकावर बसून त्यांनी घाईघाईत घावणे खाल्ले, आणि वहिनी त्यांना प्रत्येक स्टेशन सांगत राहिल्या. बेडोक, युनोस, कलांग. सगळी ओळीने. लाँच निघाली तेव्हा सांगायची आणखी दोन उरली होती, ती त्यांनी काठावरून ओरडून सांगितली.

वहिनी आता सावंतवाडीला असतात. सिंगापुरात कार्डंही बदलली, नुसती टेकवली की पुरतं.

मला आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा प्रवास. फाटकापाशी मी सवयीने पुढे झालो, तर त्यांनी मला हाताने अडवलं.

“भाऊजी, तुम्ही माझ्या मागून या.”

कार्ड कपाळाला लागलं. फाटक सुटलं. या वेळी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.