डब्यातून येणारं बीड

अक्का कुठलीही वस्तू मोडून बघितल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नसत. गुळाची ढेप आली की आधी खडा फोडायचा, उजेडाकडे धरून आतला रवा बघायचा आणि मगच ढेप आत घ्यायची. बिस्कीट, चिक्की, फुटक्या कपाचा कान, कशाचीही सुटका नव्हती. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन उद्यमनगरातल्या त्या घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात माझी नवी बांगडी पिचली. हळहळायचं सोडून अक्का तो तुकडा खिडकीपाशी घेऊन गेल्या. मला वाटलं, बाई जरा सरकलेली दिसते.

सरकलेल्या वगैरे काही नव्हत्या. अडकल्या होत्या. त्या गडहिंग्लजच्या, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या. आमच्या सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची, बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या, ओतकामाची फौंड्री. मुलगी बघायला गेले तेव्हा मामंजींनी चारचौघांत शब्द दिला होता, "शिकलेलीच सून पायजे मला. फौंड्रीत टेबल टाकून देतो तिला." त्या टेबलावर विसंबून अक्कांनी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतली हाती आलेली नोकरी सोडली. लग्नानंतर कळलं की भट्टी पेटलेली असताना बाईमाणसाने फौंड्रीत पाऊल टाकायचं नसतं. ओतकाम नासतं म्हणे. आणि भट्टी बंद असेल त्या दिवशी टेबलावर बसून करायचं काय? तेव्हा टेबल काही आलं नाही.

मग त्यांनी स्वयंपाकघरच कामाला लावलं. साखरेचा एकच पाक दोन भांड्यांत ओतायच्या. एकातला घोटायच्या, दुसऱ्यात दोरा सोडून तो फडताळात न हलवता ठेवून द्यायच्या. घोटलेल्याचा भुगा व्हायचा, आणि दुसऱ्यात काही दिवसांनी दोऱ्याला दाताला दाद न देणारे खडे धरायचे. "जिन्नस तोच," त्या मला सांगायच्या, "आत कण कसे बसले त्यावर सगळं आहे बघ." हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की मला कौतुक वाटायचं आणि रागही यायचा. राग त्यांचा नव्हे. असलं डोकं वड्या थापण्यात चाललं होतं, त्याचा.

एका पावसाळ्यात फौंड्रीचा माल परत आला. इंजिनाची झाकणं होती. गिऱ्हाइकाच्या लेथवर त्यांच्या कडा काही केल्या कापल्या जाईनात, हत्यारं बोथट व्हायला लागली. मामंजी दोन घास खाऊन ताटावरून उठू लागले. शेवटी अक्कांनी एक झाकण घरी मागवलं, परसातल्या दगडावर घण घालून मोडलं आणि मोडलेली बाजू सगळ्यांना दाखवली. मधे राखाडी, कडेला चांदीसारखी पांढरी. बीड सावकाश गोठलं तर त्यातला कार्बन काळ्या पापुद्र्यांसारखा आत पसरतो, त्या म्हणाल्या, आणि मग त्यावर हत्यार नीट चालतं. घाईने गोठलं तर त्याला पसरायला सवड मिळत नाही, आणि तेच बीड काचेसारखं कडक होतं. साचे ओले होते का, असं त्यांनी विचारलं. होते. ऑर्डर वेळेत जावी म्हणून साच्यांची माती वाळूच दिली नव्हती.

मामंजींचं मन मोठं होतं. पोरगी हुशार आहे हे त्यांनी तिथल्या तिथं कबूल केलं आणि अक्कांना इरकल साडी आणली. टेबल नाही. त्याऐवजी घरात नवा रिवाज पडला. ओतकामाच्या दिवशी त्याच बिडाची एक लहान पाचर नमुना म्हणून वेगळी ओतायची, मोडायची आणि थोरल्या दिरांच्या जेवणाच्या रिकाम्या डब्यातून घरी आणायची. अक्का हात पुसून तुकडा उजेडाला धरायच्या, टोकाकडचा पांढरा पट्टा किती आत शिरलाय ते बघायच्या. पुढच्या भट्टीला लोखंडी भंगार कमी घाला, असं काहीतरी सांगायच्या आणि परत पोळ्या लाटायला बसायच्या. माल परत येणं थांबलं. मला वाटलं, अक्का जिंकल्या.

कसल्या जिंकतात. पुढं कसबा बावड्याकडे माल तपासणारी एक खाजगी प्रयोगशाळा निघाली आणि अक्कांना तिथून बोलावणं आलं. त्यांनी मामंजींना विचारलं. मामंजी चिडले असते तर बरं झालं असतं. ते कळवळून म्हणाले, "तू गेलीस तर तुकडा कोण बघणार गं? घरात बसून हुतंय की सगळं. तुझ्याबिगर फौंड्री चालत न्हाय बघ." इतक्या मायेने घातलेली कडी काढायची कशी? अक्का बरं म्हणाल्या. त्या दिवशी चहात साखर घालायला मात्र विसरल्या.

त्यानंतर मला कळंब्याच्या शाळेत जागा मिळत होती. घरात सगळ्यांचं एकच पालुपद, पोर लहान आहे, पुढच्या वर्षी बघू. मीही डळमळले होते. अक्कांनी मला परसात गाठलं. "उद्याच जाऊन हजर हो," त्या म्हणाल्या. "यांना तुझी गरज लागायच्या आत जा. एकदा गरज लागली की दार कुणी लावत नाही, आपणच आत बसतो." मी गेले, आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. माझं पोर अक्कांनी सांभाळलं.

मामंजी गेल्यावर काही वर्षांनी थोरल्या दिरांनी फौंड्रीत प्रयोगशाळा केली. सूक्ष्मदर्शक आलं, एक इंजिनियर मुलगा आला आणि त्याच्यासाठी टेबल आलं. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातच होते. अक्कांनी नेहमीसारखे हात पुसून डबा उघडला. आत काही नव्हतं. त्यांनी झाकण काढून पुन्हा पाहिलं.

"आता तुला तरास न्हाय," दीर खुशीत म्हणाले. "त्यो पोरगा बघतोय की सगळं."

अक्कांच्या हातात डबा तसाच होता. पन्नाशीला आल्या होत्या तेव्हा. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "मग आता मी जाऊ?"

"कुठं?" दीर म्हणाले.

अक्का डब्याला झाकण लावून पोळ्या लाटायला बसल्या.