मी गाळलेली वाक्यं

माझी पहिली नोकरी मला स्पॅनिश येत होतं म्हणून लागली, आणि मी चांगल्या वळणाची होते म्हणून ती जायची वेळ आली.

आम्ही हैदराबादचे. मूळ गाव नांदेडकडे, पण आजोबा तरुणपणीच इथे कामाला आले आणि पुढचं सगळं विद्यानगरातच झालं. घरात मराठी, गल्लीत दखनी, दुकानात तेलुगू. पप्पा सरकारी दवाखान्यात क्लार्क होते. युनिव्हर्सिटी घरापासून चालत जाण्यासारखी, म्हणून मला तिथेच घातलं. स्पॅनिश घेण्यामागे काही मोठं स्वप्न नव्हतं, फ्रेंचची यादी भरली होती एवढंच. मावशी म्हणाली, "ही भाषा कुठं बोलतात गं?" पप्पा म्हणाले, "जिथं बोलतात तिथं आपली जात कुणी विचारणार नाही. शिकू दे तिला."

आजोबांना गावात कोणत्या शब्दांनी हाक मारत असत, ते पप्पांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. पण त्या न सांगितलेल्या शब्दांमधून घरात एक नियम आला होता. या घरातल्या माणसाच्या तोंडून कुणाचा अपमान व्हायचा नाही, आणि दुसऱ्यानं केलेला अपमानही इकडून तिकडे पोचवायचा नाही. शेजारच्या काकू आईबद्दल काही वाकडं बोलल्या, तर मी घरी येऊन सांगत असे, "काकूंनी विचारलंय तुला." आईला शेवटपर्यंत वाटायचं की काकूंचा तिच्यावर फार जीव आहे. अशी मी लहानपणापासूनच तयारीची दुभाषी.

शिकून झाल्यावर आमच्या शहराच्या फुटबॉल क्लबला एका मोसमापुरती दुभाषी हवी होती. स्पेनहून एक मिडफिल्डर आला होता, एकवीस वर्षांचा. त्याला स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं. इंग्रजीत 'थँक यू' आणि 'नो स्पायसी' एवढे दोनच शब्द, तेही एकमेकांना चिकटलेले. हिमायतनगरला क्लबनं त्याला फ्लॅट घेऊन दिला होता. तिथून सकाळी क्लबची गाडी त्याला घ्यायची, वाटेत मला, आणि आम्ही शहराबाहेरच्या मैदानावर जायचो.

त्या रोजच्या तासाभरात त्यानं मला आपली सगळी कहाणी सांगितली. आठव्या वर्षी तो मोठ्या क्लबच्या अकादमीत गेला. सोळाव्या वर्षी तिथून काढला. उंची कमी पडली असावी, असं तो म्हणायचा. नक्की कारण कुणी सांगितलं नव्हतं. मग खालच्या डिव्हिजनमधल्या गावठी मैदानांवर पाच वर्षं, आणि एका दलालाच्या ओळखीनं थेट इथे. करारात एक अट होती. जानेवारीपर्यंत क्लबला पसंत पडला नाही, तर करार तिथेच संपणार. "मग?" मी विचारलं. "मग काकाचं टाइल्सचं दुकान," तो म्हणाला. "भारतातूनही परत पाठवलेल्या मिडफिल्डरला कोण घेणार?" हे 'भारतातूनही' मला जरा झोंबलं, पण त्याचं खरं होतं.

आमचे कोच साहेब साठीचे, जुने हैदराबादी खेळाडू. इंग्रजी उत्तम येत होतं त्यांना, पण रागावले की दखनी, आणि रागावत ते रोजच. आता दुभाष्याच्या कामाचा एक शिरस्ता आहे. 'ते असं म्हणतात' असं म्हणायचं नाही. बोलणारा जे बोलला ते 'मी' म्हणूनच बोलायचं. वर्गात हे सोपं वाटलं होतं. मैदानावर समजलं की कोच साहेबांचा सगळा राग आता माझ्याच तोंडून निघणार.

पहिल्याच आठवड्यात साहेब ओरडले, "उसकू बोलो, ये पास नै देरा, पीछा छुडारा. गेंद में करंट है क्या? दो सेकंद रख, हमारे छोरे पहुँचे तो दे."

त्यात फार मोलाची गोष्ट होती, हे मला आज कळतं. स्पेनमध्ये त्याला चेंडू आला की लगेच पुढे द्यायला शिकवलं होतं, कारण तिथे पुढचा माणूस आधीच जागेवर असतो. आमची पोरं उन्हात, कडक मैदानावर, दोन पावलं मागे असायची. चेंडू पायाशी धरून ठेवायचा, समोरच्याला अंगावर येऊ द्यायचं, आपला माणूस पोचला की मग द्यायचा, एवढंच साहेबांचं म्हणणं होतं. मला मात्र त्यात फक्त टोमणा ऐकू आला. मी तो पुसला, आणि टोमण्याबरोबर बाकीचंही पुसलं गेलं. मी त्याला स्पॅनिशमध्ये म्हणाले, "तुझे पास फार जलद जातात. माझं लक्ष आहे."

तो खूश झाला. साहेबांकडे बघून त्यानं अंगठा दाखवला, आणि त्याहून जलद पास द्यायला लागला.

असं सात आठवडे चाललं. साहेब म्हणायचे, "ये लडका खेलने कू नै आया, हैदराबाद देखने कू आया." मी म्हणायची, "इथे रुळायला वेळ लागतो, मला कल्पना आहे." साहेबांचा आवाज चढत गेला, आणि माझं भाषांतर अधिकाधिक गोड होत गेलं. तो हसून मान डोलवायचा, साहेब तोंड फिरवायचे. सुरुवातीचे सामने तो पूर्ण खेळला, मग अर्धे, मग बाकावर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला आतून समजत होतं, पण मी स्वतःला सांगत होते की आपण एका परक्या मुलाचं मन जपतोय.

एका संध्याकाळी परतताना त्यानं गाडीत विचारलं, "कोच माझ्यावर इतका खूश आहे, तर मला खेळवत का नाही?"

मी म्हणाले, "इथली पद्धत वेगळी असते."

"आई रोज फोनवर विचारते," तो म्हणाला. "मी तिला तेच सांगतो, कोच खूश आहे. तिनं गल्लीत सगळ्यांना सांगितलंय."

म्हणजे माझी खोटी वाक्यं स्पेनमधल्या एका गल्लीपर्यंत पोचली होती.

घरी जेवायला बसले. पप्पांनी विचारलं, "काय झालं गं? अंबाडीची भाजी आणि तू ताटात बोट फिरवलालीस?" मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, बरं केलंस, घरचा नियम पाळलास. त्यांनी भाकरी खाली ठेवली.

"आमच्या दवाखान्यातले साहेब माझ्याशी लई गोड बोलायचे," ते म्हणाले. "कधी आवाज चढवून बोलले नाहीत. अन् प्रमोशनची यादी लागली की माझं नाव नसायचं. माझं काय चुकतंय ते एकानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सुधारलं असतं, नाहीतर भांडलो तरी असतो. दोन्ही करता आलं नाही." मग म्हणाले, "त्याला खरं सोसणार नाही, हे तू कोण ठरवणारी?"

पप्पांनी मला आयुष्यात एवढं कडक कधी सुनावलं नव्हतं. आज त्यांचे उपकार आठवायला बसले, तर शाळेची फी आणि सायकल नंतर आठवते, आधी हे आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीची वाट न बघता हिमायतनगरला गेले. त्याच्या घराखालच्या टिफिन सेंटरमध्ये तो इडली साखरेबरोबर खात होता. ही त्याची स्वतःची पाककृती. वाढणाऱ्या अण्णांनी तिच्यापुढे केव्हाच हात टेकले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. कोच तुझ्यावर खूश नाहीत, कधीच नव्हते, आणि हे मी तुझ्यापासून लपवलं.

त्यानं चमचा ठेवला. "सगळं सांग."

"काय सगळं?"

"तू गाळलेली वाक्यं. एकूण एक. त्याच आवाजात."

मी बसले आणि सांगू लागले. करंटपासून सुरुवात केली. मला सगळं पाठ होतं, हीच तर गंमत. गाळलेलंच माणसाला जास्त लक्षात राहतं. करंटवर तो हसला, दोन सेकंदांवर त्याचं हसू गेलं. ते वाक्य त्यानं तीनदा म्हणायला लावलं. मग बोटानं टेबलावर साखरेत रेघा काढल्या, मैदान काढलं, आपली जागा दाखवली, डावीकडून खेळणाऱ्या आमच्या मणिपुरी मुलाची जागा दाखवली, आणि स्वतःशीच मान हलवली. 'हैदराबाद देखने कू आया' मी सांगितलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. शेवटी एवढंच म्हणाला, "सात आठवडे." आणि उठून गेला. त्या दिवशी गाडीत तो ड्रायव्हरशेजारी बसला.

मैदानावर पोचल्या पोचल्या मी कोच साहेबांनाही सांगितलं. एकाला सांगून दुसऱ्याला न सांगणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं.

"मैं समझा लडका मगरूर है," साहेब म्हणाले. "मैं इत्ता सुनारा, उनो अंगूठा दिखारा." मग टोपी काढून डोकं पुसलं. "कागज ऊपर भेज दिया मैं, बेटी. जनवरी में छोडने का."

दुपारी ऑफिसातून मलाही सांगितलं की सोमवारपासून यायची गरज नाही. त्यात काही अन्याय नव्हता. मी बाहेरच्या पायरीवर बसून घरी काय सांगायचं याचा विचार करत होते, तेवढ्यात आतून त्याचा आवाज आला. मला काढल्याचं ऐकून तो साहेबांच्या खोलीत गेला होता, माझ्याशिवाय. मैदानावर काम करणाऱ्या लोकांकडून उचललेली दखनी त्याला पाच-सहा शब्दांची येत होती. ती सगळी त्यानं तिथे खर्च केली. "येइच लडकी होना. अब पूरा बोलती." म्हणजे हीच मुलगी हवी, आता ती सगळं सांगते.

साहेबांना हसू आवरलं नाही, असं नंतर कळलं. त्यांनी ऑफिसात जाऊन दोन गोष्टी मागून घेतल्या. मुलासाठी जानेवारीच्या आधीचा एक सामना, आणि माझ्यासाठी तेवढेच दिवस. वर पाठवलेला कागद त्यांनी स्वतः थांबवला. साठीच्या माणसानं आपलं मत चुकलं असेल असं वरिष्ठांना जाऊन सांगणं सोपं नसतं. माझ्यावर त्यांचं ते ऋण आहे, आणि मी ते त्यांना बोलूनही दाखवलं आहे. ते म्हणाले, "नक्को बेटी, चाय पी."

त्या सामन्यात तो उत्तरार्धात उतरला. मी बाकाजवळ रेषेला लागून उभी. साहेब ओरडायचे आणि त्यांच्या पाठोपाठ मी, तोच शब्द, तोच आवाज, स्पॅनिशमध्ये. विद्यानगरची, सरळ वेणी घातलेली मुलगी एका परदेशी पोराला घसा फाटेपर्यंत झापतेय, हे बघायला पाठीमागच्या रांगेतले लोक सामना सोडून माझ्याकडे वळले होते. पहिला चेंडू त्यानं सवयीनं घाईत दिला आणि तो फुकट गेला. "करंट है क्या?" साहेब. "करंट आहे का?" मी. दुसरा चेंडू आला. त्यानं तो पायाखाली थांबवला. समोरचा माणूस अंगावर धावून आला, मला वाटलं चेंडू गेला आता, पण तरीही तो थांबलाच. डावीकडून मणिपुरी मुलगा पोचला तेव्हा त्यानं अलगद चेंडू त्याच्या पुढ्यात सरकवला. गोल काही झाला नाही. सामना बरोबरीत सुटला. पण साहेब त्या क्षणी ओरडायचे थांबले, त्यामुळे मलाही गप्प बसावं लागलं, आणि तो वळून आमच्याकडे बघू लागला की काही बिघडलं का.

त्याचा करार राहिला. माझाही. मोसम संपताना त्याला त्याच्याच देशातल्या दुसऱ्या डिव्हिजनच्या एका लहान क्लबचं बोलावणं आलं.

निघायच्या दिवशी सगळे ड्रेसिंग रूममध्ये जमले. तो उभा राहून स्पॅनिशमध्ये बोलला, मी शेजारी. मुलांना धन्यवाद, मैदानावरच्या माणसांना धन्यवाद, कोच साहेबांना थांबायला शिकवल्याबद्दल धन्यवाद. सगळं मी नीट पोचवलं. मग तो माझ्याबद्दल बोलू लागला, आणि बोलतच राहिला. माझे कान तापले. तो थांबल्यावर मी म्हणाले, "और इंटरप्रेटर का भी शुक्रिया."

साहेबांनी भुवई वर केली. "बस? उनो तो कित्ता लंबा बोला. पूरा बोल, बेटी."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. तोही बघत होता, हात बांधून. मग मी खाली फरशीकडे बघत बोलले, "मेरे मुलुक में लोगां मेरे से बहुत मीठा बोले, और मेरेकू छोड दिए. ये लडकी मीठा बोली, फिर आके सच बोली. इसकू मालूम था नौकरी जाती. मैं सच सुन सकता, ये पहली बार कोई माना."

'माना'पर्यंत येईतो माझा आवाज गेला होता. साहेबांनी घाई केली नाही. ते थांबले, आणि मी तो शब्द पुन्हा, ऐकू येईल असा म्हटला.