दोन वर्षं जुना आवाज

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. माझं माहेर राजापूरचं. वडिलांचं काजूचं छोटं दुकान, आणि घरातला पुरुष फार लांब गेला तर रत्नागिरीला कचेरीच्या कामाला जायचा आणि संध्याकाळच्या एसटीने घरी यायचा. लग्न होऊन पूर्णगडला आले तेव्हा कळलं की इथे घरोघरी पुरुष 'बोटीवर' असतो, म्हणजे वर्षातले दहा महिने तो घरात नसतोच. बोट म्हणजे मोठं मालवाहू जहाज. पण जहाज म्हणणारा माणूस इथे पाहुणा समजला जातो, आणि मी पहिले सहा महिने जहाजच म्हणत होते.

घरात मी आणि मामंजी, दोघंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामंजींची तीस वर्षं बोटींच्या इंजिनात तेल घालण्यात गेली होती आणि आता हेही त्याच कामावर होते. मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी मामंजींना काचबिंदू निघाला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली सहा-आठ महिने टिकेल, जास्त भरवसा धरू नका. मला रडू आवरेना. मामंजी मात्र एसटी स्टँडवर चहा पिता पिता म्हणाले, "पोरग्याला येकदा नीट बघितलं की मंग काय बघायचं हाय गो मला?"

हे यायला अजून आठ महिने होते. त्यात यांची बोट आखाताच्या फेऱ्या करत होती. तिकडे लढाई चाललेली, तेलाच्या बोटींवर बॉम्ब पडायचे. रेडिओवर बातम्या लागल्या की मी आवाज बारीक करायची आणि मामंजी ओटीवरून ओरडायचे, "मोठा कर!" या ओढाताणीत त्या रेडिओची खुंटीच एकदा हातात आली.

वाडीत टीव्ही एकच होता, शेजारच्या काकींकडे. त्यांचे दोन्ही मुलगे बोटीवर. थोरल्याने परदेशातून रंगीत टीव्ही आणलेला. अँटेना माडाला बांधलेल्या बांबूवर होती आणि वारा फिरला की चित्राला मुंग्या यायच्या. दर रविवारी सकाळी त्यावर एक हिंदी मालिका लागायची, अंतराळयानाची. यान पृथ्वीपासून कुठल्या कुठे गेलेलं, आत पाच माणसं, आणि एक कप्तान. आम्हां बायकांना त्यातलं विज्ञान ओ की ठो कळत नव्हतं. पण माणसं घर सोडून लांब गेली आहेत, आत यंत्रं घरघरतायत आणि घरी बायको वाट बघतेय, यात न कळण्यासारखं काय होतं? पूर्णगडात ते सगळ्यांना पाठ होतं. रविवारी मासळी तशीच टोपलीत झाकून बायका काकींच्या ओटीवर हजर व्हायच्या.

मामंजी अगदी टीव्हीच्या काचेला नाक लावून बसायचे. दिसायचं कमी, पण यानाच्या इंजिनाचा आवाज ते कान देऊन ऐकायचे आणि नापसंतीने मान हलवायचे. "सगळे वर बसून गजाली मारतायत. खाली इंजिनात कोण हाय? कोणीच नाय!" दुसरी तक्रार होडीची. "येवढी मोठी बोट आणि होडी दिसत नाय कुठं. बुडाली तर उतरायचं कशात?" काकी म्हणायच्या, "अहो, आकाशात बुडतंय कुठं?" मामंजी म्हणायचे, "बोट म्हटली की होडी आलीच."

प्रत्येक भागाच्या शेवटी कप्तान आपल्या बायकोसाठी निरोप पाठवायचा. चार वाक्यं असायची. आज अमुक बिघाड झाला होता, दुरुस्त केला. जेवण ठीक आहे. तमुक तारा खिडकीतून दिसतो. मी बरा आहे, काळजी करू नकोस. आम्हांला येणारी पत्रं अगदी अशीच असायची, फक्त ताऱ्याच्या जागी एखाद्या बंदराचं नाव. कप्तान बोलायला लागला की ओटीवर चिडीचूप व्हायची, आणि बोलून झालं की कोणीतरी हमखास म्हणायचंच, "खुशाल हाय हो."

आणि मग तो भाग आला. मी एरवी कथानकं विसरते, पण हा विसरले नाही. कप्तानाची बायको पृथ्वीवरच्या केंद्रात बसून निरोप ऐकतेय, तोंडावर हसू. एक म्हातारा शास्त्रज्ञ तिच्याजवळ येतो, खुर्ची ओढतो आणि सांगतो की यान इतकं लांब आहे, की आवाज इथे पोचायला दोन वर्षं लागतात. आपण आज ऐकतोय तो दोन वर्षांपूर्वी बोललेला आहे. आणि यान त्याच आठवड्यात फुटलेलं आहे. दुर्बिणीत तुकडे दिसले. मागे निरोप चालूच असतो. मी बरा आहे, काळजी करू नकोस. तिथेच भाग संपला.

कोणी उठलं नाही. काकींनी जाऊन टीव्ही बंद केला आणि एरवी फक्त पावसाळ्यात घालायचं जाड फडकं त्याच्यावर टाकलं. पलीकडच्या घरची एक सून होती, तिचा नवरा नुकताच पहिल्या फेरीला गेलेला. ती हळूच म्हणाली, "म्हणजे इतके रविवार आपण नसलेल्या माणसाचं ऐकत होतो?" मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. आखातातून पूर्णगडला पत्र यायला वीस दिवस लागत.

पाणंदीतून घरी येताना मामंजी माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. ते सारखं एकच म्हणत होते, "होडी असणार. दाखवली नाय म्हणून काय झालं?" मी हो म्हटलं. 

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पोस्टमन विहिरीवरच भेटला आणि त्याने यांचं पत्र माझ्या हातात दिलं. निळ्या-लाल कडांचं पाकीट, यांचं अक्षर, वीस दिवसांपूर्वीचा शिक्का. एरवी मी ते पाकीट छातीशी धरून पळत सुटायची. आमच्या घरची रीत अशी, की बोटीवरचं पत्र आधी देवापुढे ठेवायचं, त्याला कुंकवाचं बोट लावायचं, मग मी फोडायचं आणि मामंजींना मोठ्याने वाचून दाखवायचं. त्या दिवशी मी विहिरीपाशीच उभी राहिले. मला वाटलं, आत तेच असणार: मी बरा आहे. ते वाचून झालं की यांचं बोलणं संपलं, मग पुढचं पत्र आलं नाही तर? पाकीट बंद आहे तोवर यांना मला काहीतरी सांगायचं बाकी आहे, आणि सांगायचं बाकी असलेला माणूस असा कसा जाईल? असा विचार मी शुद्धीत, दिवसाढवळ्या, कळशी कमरेवर घेऊन केला. आज स्वतःच्या अकलेची कीव येते. पण तेव्हा भीतीपुढे अक्कल चालत नव्हती.

पत्र मी तांदळाच्या डब्यात खाली दडवलं. देवापुढेही ठेवलं नाही. देवालासुद्धा कळू नये असं वाटलं.

त्या आठवड्यात वाडीतल्या सगळ्याच बायका बिथरल्या होत्या. काकींनाही थोरल्याचं पत्र आलं होतं. त्यांनी ते दोन दिवस उशाखाली ठेवलं आणि बुधवारी एकदाचं फोडलं. मी विचारलं, "काय म्हणतोय?" त्या म्हणाल्या, "खुशाल हाय," आणि मग म्हणाल्या, "वीस दिवसांमागे तरी." त्या आठवड्यापासून वाडीत 'खुशाल हाय' एवढंच कोणी म्हणेना. त्याला दिवसांची शेपटी लागली.

मामंजी रोज दुपारी विचारायचे, "पोस्टमन आला नाय काय गो?" मी नाही म्हणायची. खोटं बोलताना माझा आवाज चढतो, म्हणून मी ते चुलीकडे तोंड करून बोलायची. ते ओटीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसायचे. तेवढाच रस्त्याचा पांढुरका पट्टा त्यांना अजून दिसत होता. शुक्रवारी ते सबंध दुपार तिथे बसले. शनिवारीही. मी तांदूळ काढायला डब्यात हात घालायची तो पाकिटाला लागू नये म्हणून वरवरचेच काढायची.

रविवारी टीव्ही लावायचा नाही असं काकींनी जाहीर केलं होतं. पण अकरा वाजायच्या आधीच ओटी भरली, आणि पहिलं फडकं काकींनीच उचललं. भाग सुरू झाला. फुटलेल्या यानाचे तुकडे दाखवले, काळोख दाखवला, आणि मग त्या काळोखात एक छोटीशी नौका. तिच्यात पाचही माणसं आणि कप्तान, दाढी वाढलेला, जिवंत.

ओटीवर नुसता दंगा झाला. काकी रडायलाच लागल्या. मामंजींनी मांडीवर अशी थाप मारली की आवाज अंगणात गेला. "होडी! मी बोलत नव्हतो? होडी असणार म्हणून?" मी शेवटपर्यंत थांबलेच नाही. पाणंदीतून पळत घरी आले, डबा जमिनीवर पालथा केला, पाकिटावरचे तांदूळ झटकले, देवापुढे ठेवलं, कुंकू लावलं आणि फोडलं. हसत हसत फोडलं.

पत्र छोटं होतं. "आमची बोट अचानक मुंबईला लागणार आहे. येत्या एकवीस तारखेला, शुक्रवारी सकाळी येईल, शनिवारी संध्याकाळी सुटेल. मला रजा नाही, पण गोदीच्या गेटपर्यंत सोडतील. अण्णांना घेऊन नक्की ये. त्यांना दिसतंय तोवर एकदा त्यांनी मला बघावं. मी दोन्ही दिवस गेटवर असेन."

आठवडाभर मी ज्याला भीती म्हणत होते ती काहीच नव्हती. खरी भीती त्या क्षणी आली आणि मला तिथेच तांदळात बसवून गेली. शुक्रवार गेला होता. शनिवार गेला होता. बोट परत आखाताकडे निघाली होती.

मामंजी काकींच्या ओटीवरच्या कोणाचा तरी हात धरून आले, तेव्हा अजून होडीबद्दलच बोलत होते. मी त्यांना बसवलं आणि पत्र वाचून दाखवलं, सगळं, दिसण्याबद्दलचं वाक्यसुद्धा. त्यांनी विचारलं, "आज वार कुठचा?" मी म्हटलं, "रविवार." "पत्र कधी आलं?" "सोमवारी." मग मी का फोडलं नाही तेही सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील; ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पत्र हातात घेऊन चाचपलं आणि म्हणाले, "भय मलाही होतं गो. होडी होडी करत होतो ते उगाच काय?"

मग त्यांनी मला कागद घ्यायला लावला. "लिव. मला ताप भरला, म्हणून सूनबायला येता आलं नाय." मी म्हटलं, मी खरं काय ते लिहिते. त्यांनी हात वर केला. "दोन दिवस गेटवर उभा राहिलेला माणूस डोक्यात राग घेऊन इंजिनात उतरला तर हात जातो. मी बघितलंय. काळजीनं माणूस जपून काम करतो. ताप लिव." मी माझ्या हाताने ताप लिहिला.

त्यानंतर यांच्या प्रत्येक पत्रात पहिली ओळ तापाची असायची. उतरला का? परत भरला का? खरं लिहा, लपवू नका. आम्ही बरे आहोत म्हणून लिहायचो आणि यांचा विश्वास बसायचा नाही, कारण आमचं पत्रही वीस दिवस जुनं होऊनच यांना मिळायचं. मी ते ओळखून होते आणि काही करू शकत नव्हते. यांच्या पत्रातलं अक्षर दर महिन्याला बारीक होत गेलं. इकडे मामंजींच्या डोळ्यांपुढचा रस्त्याचा पट्टा आधी अरुंद झाला, मग एके दिवशी त्यांनी ओटीवर बसणं सोडून दिलं.

हे आले ते भर दुपारी. अंगणाच्या बेड्याशी, बांबूच्या फाटकापाशी उभे राहिले, बॅग खाली ठेवली आणि आत येईनात. मला बघून एकच विचारलं, "अण्णा?" मी म्हटलं, "आहेत. आत आहेत." तेव्हा यांनी श्वास सोडला.

मामंजींनी यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. "मिशी ठेवलीस काय रे?" त्यांनी विचारलं. यांना हुंदका आला. "त्या तापानंच इतक्या लवकर गेले ना डोळे?" यांनी विचारलं, आणि मामंजी लगेच म्हणाले, "हो रे. तापानंच."

मला ते सोसवेना. मी भिंतीला धरून उभी होते, तिथूनच सगळं सांगितलं. मालिका, कप्तान, तांदळाचा डबा, सोमवार ते रविवार. हे ऐकत राहिले. रागावले नाहीत, निदान आवाज चढला नाही.

"मी मेलो असतो तरी उघडायचं होतंस," हे म्हणाले. "लिहिलं तेव्हा तर जिवंत होतो ना मी."

मी तोंडावर पदर धरला. मामंजी आमच्या दोघांच्या मध्ये बसले होते, आणि आता कोण बोलतंय ते ऐकायला आळीपाळीने दोन्हीकडे मान वळवत होते.