साळीच्या लग्नातली अंतराळयात्रा

आता हे कसं सांगावं, पण सांगतोच. माझ्या हातून माझ्या साळीचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचं, लग्न हरवलं. मोडलं नाही बरं का. लग्न थाटात लागलं, संसारही छान चालला आहे. फक्त हरवलं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी जवाहरनगरला कारखान्यात कारकून. ऑफिसात एक दाढीवाला होता, त्यानं मला एका रविवारी नागपूरला फिल्म क्लबात नेलं. सिनेमा परदेशी, विज्ञानकथेचा, आणि वर 'प्रायोगिक'. मला वाटलं, रॉकेट उडेल, लढाई होईल. कसलं काय. पांढऱ्या भिंतींच्या बोळातून एक माणूस चालतो, दिसतात फक्त त्याचे बूट. मग कॅमेरा एका बल्बकडे बघत बसतो. आपणही बसायचं. मग पाण्याचा एक थेंब, तो काही केल्या पडत नाही. मधे माझा डोळा लागला. जाग आली तर बूट चालतच होते.

बाहेर आल्यावर सगळे गंभीर. गोष्ट काय होती, असं विचारायची सोयच नव्हती. दाढीवाला म्हणाला की गोष्टबिष्ट आता जुनी झाली, शैली हाच आशय. मी मान हलवली. खोटं कशाला बोलू, मला एक अक्षर कळलं नव्हतं. पण वरठीला गाडीतून उतरेपर्यंत सगळं कळलं होतं, आणि क्वार्टरवर पोचून मी ते सुमनला, म्हणजे बायकोला, समजावूनही दिलं.

इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण त्याच उन्हाळ्यात विमलचं, साळीचं, लग्न निघालं.

माझी सासुरवाडी एकोडीची. साळा तेव्हा आखाती देशात नोकरीला. लग्नासाठी येताना तो फिल्म काढायचा छोटा कॅमेरा आणि ती भिंतीवर दाखवायचं यंत्र घेऊन आला. पण नवरीचा भाऊ, त्याला शंभर कामं. कॅमेरा चालवणार कोण? मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, चारचौघांत माझं नाव घेतलं. आपल्या जावयाले सिनेम्यातलं समजते, म्हणाले. साकोलीचा फोटोग्राफर सांगून ठेवला होता, त्याला नको म्हणून निरोप धाडायला मीच लावलं. फोटोत काय असतं हो? माणसं खांब गिळल्यासारखी उभी.

लग्न दुपारचं. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, त्यातून उन्हाचे कवडसे पडलेले. मला त्यात आकाशगंगा दिसली. एक अख्खं रीळ तिच्यात गेलं. बँडवाल्याचा पितळी कर्णा म्हणजे यानाचं तोंड. नवरदेवाचा जोडा म्हणजे परग्रहावर पडलेलं पहिलं पाऊल. वरणाच्या गंजातून वाफ निघत होती, तिच्यासमोर मी इतका वेळ उकिडवा बसलो की वाढप्यानं मला भूक आवरत नाही असं समजून पुढ्यात पत्रावळ टाकली.

तेवढ्यात सुमन आली. "अहो, अंतरपाट धरला. विमलले घ्या नं त्याच्यात."

"चेहरा दाखवला का गूढ संपते," मी म्हटलं.

"नवरी हाये थे," म्हणाली, "भूत नाही." आणि गेली.

मंगलाष्टकं चालू असताना मी जमिनीवर पालथा होतो. अक्षता खाली कशा पडतात ते टिपत होतो. उल्कापात.

रिळं धुवायला मुंबईला गेली, ती पावसाळा संपल्यावर आली. दिवाळीला विमल आणि तिचा नवरा चरणदास एकोडीला आले, सोबत विमलचे सासरेही. मामाजींनी गावभर सांगून ठेवलेलं. संध्याकाळी भिंतीवर पांढरं धोतर ताणलं, अंगण भरून माणसं बसली, आणि मी यंत्र सुरू केलं.

पहिलं रीळ कवडशांचं. माणसं धीराची. मशीन अजून गरम होऊन राहिली असन, असं एकानं शेजारच्याला समजावलं. मग कर्णा. मग जोडा. जोडा पाहून चरणदास खूश झाला, माझाच हाये म्हणून वडिलांना हळूच सांगितलं. मग वाफ. विमल पदर नीट करून बसली होती, आता आपण दिसू, मग दिसू. वाफ काही संपेना, तेव्हा तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. साऱ्या गावात त्या लग्नाचा एक फोटो नव्हता, आणि तो का नव्हता हे मला आठवलं.

मामाजींनी शांतपणे विचारलं, "जावईबापू, नवरी कोठी हाये?"

"पुढं हाये," मी म्हटलं.

पुढं उल्कापात होता.

शेवटच्या रिळावर माझा फार भरवसा होता. आंदणात आलेला नवाकोरा पितळी हंडा मी अगदी जवळ जाऊन चित्रित केला होता, एका सोनेरी ग्रहासारखा. धोतरावर तो ग्रह हळूहळू मोठा झाला. आणि त्यात एक चेहरा उगवला. फुगलेलं नाक, बटाट्याएवढे गाल, एक डोळा कॅमेऱ्यामागे. काढताना मला तो दिसलाच नव्हता. गावानं मात्र लगेच ओळखला. अंगणात पहिल्यांदाच आनंद पसरला, लेकरं टाळ्या वाजवू लागली. साऱ्या लग्नात ओळखू येणारा तेवढा एकच चेहरा, आणि तो रीळ संपेपर्यंत हलला नाही.

दिवा लागला. विमल उठून आत गेली. मी घाबरत मागे गेलो, तर ती सुमनच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि हसतही होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, सुमननं हातानंच बाहेर जा म्हटलं.

बाहेर विमलचे सासरे निघायच्या तयारीत होते. भला माणूस. एवढ्या थाटानं बोलावलं, तर काहीतरी चांगलं बोलून जावं, असं त्यांना वाटलं असावं. पागोटं ठीक करत मामाजींना म्हणाले,

"जोडी मोठी शोभून दिसली. तुमचा जावई आन् थो हंडा."