वरच्या सुराला मागून इंजिन

लोणावळ्याच्या भिंतींवर जसं शेवाळ, तसे गाणं शिकवणाऱ्या बाईकडे किस्से! कितीही खरवडा, पुन्हा साठतातच.

लढाईच्या वर्षांत मी इथल्या मुलींच्या शाळेत गाणं शिकवायचे. म्हणजे पेटी मी वाजवायचे, गायच्या मुलीच. माझ्या गळ्यापेक्षा ते बरं! एकदा मनात आलं, पोरींना नुसते शब्द द्यावेत, चाल त्यांनीच लावावी.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, नसते उद्योग! महिनाअखेर शाळाखात्याचे दिपोटी तपासणीला येताहेत. त्यांना पटलं नाही, तर तुमचा तास गणिताला!"

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुला जन्मात एक तरी चाल सुचलीय का?"

"म्हणूनच तर पोरींना सांगितलं!"

*

मी शब्द दिले, 'चिमणी आली, दाणा घेऊन गेली.' रेल्वेच्या गार्डाची सुशी दुसऱ्याच दिवशी चाल लावून आली. चाल झकास, पण 'गेली'चा सूर इतका वर की गळा पोचेना. तेवढ्यात तिची मैत्रीण कमल उठली आणि सुशीच्या पाठीला रेटा देऊ लागली.

"अगं, ढकलतेस काय तिला?"

"बाई, घाट आहे ना! मागून इंजिन लावलंय!"

आणि सूर चढला हो! पण उतारावर इंजिन सोडायचं राहिलं. दोघी थेट माझ्या पेटीवर! भात्याला हे एवढं भोक. आठ दिवस पेटीला दमा.

*

एकदा वत्सू शेजारच्या मुलीला ओढत रडत आली. "बाई, हिनं माझी चाल चोरली!"

"कशावरून?"

"काल माझ्या घशात होती, आज नाही!"

घसा बसला होता तिचा. मी खडीसाखर दिली. दुसऱ्या दिवशी हसत हजर. "बाई, दिली तिनं परत!"

*

कुसगावचे एक आबा तक्रार घेऊन आले.

"बाई, पोरगी भाकरी थापताना चाली लावती. आठ दिस झालं, गोल भाकरी न्हाई बघितली!"

"मग कशी होते?"

"लांबडी! तान घेती न्हवं!"

मी ओशाळले. तर आबाच म्हणाले, "गाणं लय ग्वाड हाय. फकस्त तव्यात मावंल एवढीच तान शिकवा."

*

अखेर दिपोटी आले. हेडमास्तर गणिताचं पुस्तक काखेत घेऊनच उभे! वलवणची सात वर्षांची हौसा गायला उठली. ती ठणठणीत गायली. दिपोटींनी टेबलावर बोटानं ठेका धरला, पण दर चौथ्या मात्रेला बोट हवेतच राहायचं.

"मुली, ही चाल बाईंनी लावली?"

"न्हाई."

"मग कुणाची?"

"आमच्या म्हशीची."

हेडमास्तरांनी पुस्तक उघडलंसुद्धा.

"म्हशीची?"

"व्हय. ती धरणावरनं घरला येती, मी मागनं बघत चालती. तशीच्या तशी घेतली."

"आणि चौथी मात्रा कुठं जाते?"

"त्यो पाय टेकतच न्हाई ती."

दिपोटींनी गाणं आणखी दोनदा म्हणवून घेतलं. मग पेन काढून शेरेबुकात लिहिलं, 'गाण्याचा तास चालू ठेवावा. म्हशीस तातडीने जनावरांच्या दवाखान्यात न्यावे.'